लॅपटॉपवर चालतंय, क्लस्टरवर सेगफॉल्ट: फोरट्रान + नेटसीडीएफ, कुणी बघेल का?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. पुण्यात एमटेक करतेय, प्रोजेक्ट सह्याद्रीतल्या अतिवृष्टीवर आहे. हवामान खात्याचा पाव अंशाचा ग्रिडेड पावसाचा डेटा आहे ना, १९०१ पासूनचा, तो वर्षावार नेटसीडीएफ (ग्रिडचे आकडे साठवायचा फाइल प्रकार आणि तो वाचायची लायब्ररी) फाइलींमधून वाचायचा, १५.५ ते २०.५ अक्षांशाचा पट्टा कापून घ्यायचा आणि घाटावरच्या ग्रिड पॉइंटचे मोठ्या पावसाचे दिवस मोजायचे, एवढंच काम. प्रोग्राम फोरट्रानमध्ये आहे कारण गाइडचा जुना कोड फोरट्रानमध्ये आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

लॅपटॉपवर उबंटू आहे, सगळं एपीटीने टाकलेलं, तिथे मस्त चालतो. क्लस्टरवर (अनेक मशीन जोडलेल्या सामायिक संगणकावर) मात्र सुरू झाल्या झाल्या "सेगमेंटेशन फॉल्ट, इनव्हॅलिड मेमरी रेफरन्स" म्हणून मरतो. क्लस्टरवर सेंटओएस ७ आहे, सिस्टिमचा जीसीसी (कंपायलर) ४.८.५, मी एन्व्हायर्नमेंट मोड्यूल लोड करून जीसीसी ९ घेते. आमच्या लॅबचं एक सामायिक फोल्डर आहे, त्यात आधीच्या सिनियर्सनी बिल्ड करून ठेवलेलं नेटसीडीएफ वगैरे सगळं आहे, आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला एक तयार बॅशआरसी (आपोआप चालणारी सेटिंगची फाइल) देतात, ती मी जशीच्या तशी टाकलीय.

आधी कंपाइलच होत नव्हतं, "नेटसीडीएफ.मॉड ही जीएनयू फोरट्रानची मोड्यूल फाइल नाही" असं म्हणत होतं. मग मी त्याच फोल्डरमधलं नेटसीडीएफ-फोरट्रानचं सोर्स घेऊन जीसीसी ९ ने माझ्या होममध्ये बिल्ड केलं, मेकफाइलमध्ये इन्क्लुड आणि लायब्ररी दोन्हीचे पाथ तिकडे वळवले. आता कंपाइल आणि लिंक एकही वॉर्निंग न देता होतं. पण चालत नाही. गंमत म्हणजे फाइल उघडते, व्हेरिएबलचा आयडी पण बरोबर मिळतो, आणि जीडीबीमध्ये (डीबगरमध्ये) क्रॅशची ओळ माझ्याच कोडमधली दाखवतो, लायब्ररीतली नाही. ओ० ने, ओ२ ने, दोन्ही करून पाहिलं. कुणाला काही सुचतंय का?

हिंजवडी_फेज_३

हा स्टॅकचा प्रॉब्लेम आहे, डोळे झाकून सांगतो. तुझा ॲरे १३५ गुणिले १२९ गुणिले ३६५, चार बाइटचा रिअल धरला तर जवळजवळ २५ एमबी होतो आणि लिनक्सवर स्टॅक (लोकल व्हेरिएबलची मर्यादित मेमरी) बाय डिफॉल्ट ८ एमबी असतो. जॉब स्क्रिप्टमध्ये सगळ्यात वर यूलिमिट (स्टॅकची मर्यादा) अनलिमिटेड टाक, संपलं. फोरट्रानवाल्यांचे निम्मे सेगफॉल्ट याचेच असतात.

घाटमाथा

@हिंजवडी_फेज_३ हे करून झालं दादा. आणि ॲरे अलोकेटेबल आहे, अलोकेट करूनच घेतलाय, म्हणजे तो हीपवर (मागेल तशी मिळणाऱ्या मेमरीत) जाणार ना, स्टॅकवर कशाला येईल? यूलिमिट अनलिमिटेड करूनसुद्धा त्याच ओळीवर मरतो.

कर्नल_कोल्हापूर

ताई, सरळ मिनीकोंडा (पायथनची पॅकेजं टाकायचं साधन) टाका आणि पायथनमध्ये एक्सअरेने वाचा की. दहा ओळींत काम हुतंय. फोरट्रान घिऊन कशाला डोक्याला ताप? लायब्ररीची असली लफडी कोंडात येतच न्हाईत.

जुनं_खोड

कर्नलसाहेब, येत नाहीत म्हणू नका. कोंडाचं एन्व्हायर्नमेंट चालू असताना त्यातलाच एमपीआयरन, त्यातलीच लिबजीफोरट्रान (जीसीसीच्या फोरट्रानची रनटाइम लायब्ररी), त्यातलाच एनसी-कॉन्फिग पाथमध्ये सगळ्यांच्या पुढे येऊन बसतो आणि लोक बाहेरच्या कंपायलरने बिल्ड करतात. त्या खिचडीतून क्रॅश झालेले जॉब मी भरपूर निस्तरलेत. पायथनमध्ये वाचायला हरकत काहीच नाही, पण तिने प्रश्न फोरट्रानचा विचारलाय.

घाटमाथा, तीन गोष्टी कर आणि जे येईल ते इथे टाक.

क्रॅशच्या ओळीत जो इंडेक्स वापरतेस तो, आणि तो ज्यावरून काढतेस ते अक्षांश, दोन्ही त्या ओळीच्या आधी प्रिंट कर. जीडीबी तुझ्या ओळीकडे बोट दाखवतोय याचा अर्थ तिथे मेला एवढाच, बिघाड तिथे झाला असं नाही.

दुसरं, नेटसीडीएफच्या प्रत्येक कॉलचा स्टेटस छाप. मला वाटतंय तू स्टेटस एका व्हेरिएबलमध्ये घेतेस आणि पुढे त्याच्याकडे बघत नाहीस, सगळी पोरं हेच करतात.

तिसरं आणि मुख्य, एलडीडी लावून बघ की एक्झिक्युटेबल नक्की कुठल्या फाइली उचलतोय. आणि हे लॉगिन नोडवर (आपण शिरतो त्या मशीनवर) नको, जॉब स्क्रिप्टच्या आत लिही, म्हणजे ते जॉब चालतो त्या कंप्यूट नोडवर होईल. लॉगिन नोडचं एन्व्हायर्नमेंट आणि कंप्यूट नोडचं एन्व्हायर्नमेंट एकच असेल यावर पैज लावू नकोस. त्यात लिबजीफोरट्रान किती वेळा दिसते ते मोज.

घाटमाथा

केलं. आणि आता जास्तच गोंधळ झालाय.

इंडेक्स असा काढते: डीवाय म्हणजे लॅट(२) वजा लॅट(१), मग आय१ म्हणजे इंट((१५.५ – लॅट(१)) / डीवाय) + १. डेटा ६.५ अक्षांशापासून सुरू होतो, म्हणजे आय१ बरोबर ३७ यायला पाहिजे आणि लॅपटॉपवर ३७च येतो. क्लस्टरवर येतोय –२१४७४८३६४७. कारण लॅट(१) शून्य, लॅट(२) पण शून्य, अख्खा लॅट शून्यच आहे! डीवाय शून्य, भागाकार इन्फिनिटी, आणि त्याचा इंटिजर केला की हा राक्षसी आकडा. तो इंडेक्स घेऊन ॲरेत हात घातला की मरणारच.

पण मग लॅट वाचणाऱ्या कॉलचा स्टेटस ० येतोय, म्हणजे नेटसीडीएफ म्हणतंय सगळं ओके. पावसाच्या कॉलचा स्टेटस मात्र –५७, "स्टार्ट प्लस काउंट एक्सीड्स डायमेन्शन बाउंड". मी स्टार्ट आणि काउंट देतच नाहीये! पूर्ण ॲरे देतेय फक्त.

एलडीडीमध्ये लिबजीफोरट्रान दोनदा आहे. एक .एसओ.३, ती यूएसआर लिब६४ मधून, आणि एक .एसओ.५, ती जीसीसी ९ च्या मोड्यूलमधून. आणि लिबनेटसीडीएफएफ.एसओ.६ लॅबच्या सामायिक फोल्डरमधून येतेय, माझ्या होममधून नाही. हे कसं काय? मेकफाइलमध्ये मी माझाच पाथ दिलाय, दोनदा तपासला.

जुनं_खोड

बास, सापडलं. नीट सांगतो, चहा घेऊन बस.

मेकफाइलमध्ये जो लायब्ररीचा पाथ देतेस तो लिंकरसाठी असतो, लिंक करतेवेळी सिम्बॉल (फंक्शनची नावं) सापडतात का एवढं बघायला. एक्झिक्युटेबलमध्ये फक्त नाव लिहिलं जातं, "मला लिबनेटसीडीएफएफ.एसओ.६ पाहिजे", कुठली ते लिहिलं जात नाही. चालवताना ती शोधायचं काम डायनॅमिक लोडरचं, आणि तो एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी शोधायच्या फोल्डरांची यादी) बघतो, जो तुझ्या त्या वारसाहक्काने आलेल्या बॅशआरसीत एक्सपोर्ट केलेला असणार. त्यात लॅबचं फोल्डर पुढे. तू सोर्स तेच घेतलंस म्हणून व्हर्जन तेच, .६ पण तेच, लोडरला शंका यायचं कारणच नाही. म्हणजे कंपाइल तुझ्या नव्या लायब्ररीशी झालं आणि चालतंय सिनियरच्या जुन्या लायब्ररीबरोबर, जी जीसीसी ४.८.५ ने बांधलेली आहे. त्या जुनीला लिबजीफोरट्रानची ३ नंबर लागते, तुझ्या कोडला ५ लागते, म्हणून एका प्रोसेसमध्ये दोघी. एलडीडीमध्ये लिबजीफोरट्रान दोन नंबरांची दिसली की पुढचं काही न बघता समजायचं की दोन कंपायलरचा माल एकत्र आलाय. जीसीसी ४.८ ते ६ पर्यंत ती ३ होती, ७ मध्ये ४ झाली, ८ पासून ५ आहे.

आता याने नेमकं काय मोडतं ते बघ, कारण तुझं केस फार छान आहे (तुझ्यासाठी नसेल).

फोरट्रानमध्ये डायमेन्शन(:) असा ॲरे सबरूटीनला देतेस तेव्हा नुसता पत्ता जात नाही. एक डिस्क्रिप्टर जातो, छोटंसं स्ट्रक्चर, त्यात डेटाचा पत्ता, ऑफसेट, टाइपची माहिती आणि मग प्रत्येक डायमेन्शनचं स्ट्राइड (पुढच्या घटकापर्यंतची उडी), खालची हद्द, वरची हद्द. जीसीसी ८ मध्ये या स्ट्रक्चरचा आराखडा बदलला. फोरट्रान २००८ प्रमाणे १५ डायमेन्शनचे ॲरे चालवायचे होते, आधी ७ पर्यंतच जागा होती, त्यामुळे टाइपची माहिती ८ बाइटवरून १६ बाइटची झाली आणि स्पॅन नावाचा आणखी ८ बाइटचा रकाना घातला. एकूण डायमेन्शनचा तक्ता १६ बाइट खाली सरकला. समज सरकारी अर्जाचा नमुना बदलला, मध्ये दोन रकाने वाढले, आणि खिडकीवरचा क्लार्क जुन्या नमुन्याप्रमाणे "तिसरा रकाना म्हणजे वय" असं धरून वाचत बसलाय.

तुझ्या लॅटचं उदाहरण घेऊ. नवा कोड लिहितो: २४व्या बाइटपासून टाइपचा उरलेला भाग, ३२ला स्पॅन म्हणजे ४ (चार बाइटचा रिअल), ४०ला स्ट्राइड १, ४८ला खालची हद्द १, ५६ला वरची हद्द १२९. जुनी लायब्ररी वाचते: २४ला स्ट्राइड, ३२ला खालची हद्द, ४०ला वरची हद्द. म्हणजे तिला दिसतं की हा ॲरे ४ पासून सुरू होऊन १ला संपतो. १ वजा ४ अधिक १, उणे दोन. उणे लांबीचा ॲरे फोरट्रानच्या नियमाने रिकामा, म्हणून तिने शून्य आकडे वाचले, काम फत्ते म्हणून स्टेटस ० दिला आणि परत आली. तुझा लॅट जसाच्या तसा, अलोकेट करताना जी कोरी मेमरी मिळाली ती.

पावसाच्या तीन डायमेन्शनच्या ॲरेला हेच गणित लाव. तिसऱ्या डायमेन्शनची खालची हद्द म्हणून तिला १२९ दिसतात आणि वरची हद्द म्हणून तुझं तिसरं स्ट्राइड, १३५ गुणिले १२९ म्हणजे १७४१५. लांबी निघाली १७२८७ दिवस. फाइलमध्ये ३६५. म्हणून –५७. स्टार्ट-काउंट तू दिला नाहीस, तो त्या रूटीनने ॲरेच्या आकारावरून स्वतः बनवला.

मग फाइल कशी उघडली आणि आयडी कसा मिळाला? कारण त्या कॉलमध्ये ॲरे नाहीये, नुसती स्ट्रिंग आणि इंटिजर आहेत. स्ट्रिंगबरोबर फोरट्रान गुपचूप तिची लांबी पाठवतो, तीसुद्धा जीसीसी ८ मध्ये ३२ बिटवरून ६४ बिटची झाली, पण नवा कोड ६४ बिट पाठवतो आणि जुनी लायब्ररी त्यातले खालचे ३२ बिट वाचते, फाइलचं नाव काय चार अब्ज अक्षरी नाही, त्यामुळे आकडा तोच निघतो. उलट जोडी असती, म्हणजे जुना कोड आणि नवी लायब्ररी, तर वरच्या ३२ बिटमध्ये कचरा असू शकतो आणि तिथे ओपनलाच मेला असता.

आणि तुला सुरुवातीला जी मॉड फाइलची एरर आली होती ना, ती खरी तुझी मैत्रीण होती. मॉड फाइलवर व्हर्जन लिहिलेलं असतं, ४.९ पासून तर ती जीझिप केलेली असते, म्हणून जीसीसी ९ ला ४.८ ची साधी टेक्स्ट फाइल ओळखताच आली नाही. कंपाइलच्या वेळी हा पहारा आहे. चालवताना तसा पहारा कुणी ठेवलेला नाही, कारण फोरट्रान मोड्यूलमधल्या रूटीनचं सिम्बॉल नाव ४.८ मध्ये आणि ९ मध्ये अक्षरशः सारखं आहे. नाव जुळलं, लोडर खूश.

उपाय: बॅशआरसीतली ती एलडी_लायब्ररी_पाथची ओळ काढ, मोड्यूल नव्याने लोड कर, आणि लिंक करताना आरपाथ घाल म्हणजे एक्झिक्युटेबलमध्येच तुझ्या होमचा पत्ता कोरला जाईल. मग परत एलडीडी, फक्त .५ दिसली पाहिजे.

स्ट्रिंगवाली_ठाणे

@जुनं_खोड काका, हे वाचून मजा आली, मी सी प्लस प्लस मध्ये याचंच भावंड रोज बघते. तिकडे जीसीसी ५ आला २०१५ ला आणि एसटीडी स्ट्रिंग बदलली. सी++११ च्या स्टँडर्डमध्ये कॉपी-ऑन-राइटवाली स्ट्रिंग बसत नव्हती, लिस्टचा साइज पण एका झटक्यात मिळायला हवा होता, म्हणून नवीन स्ट्रिंग आणली. जुनी म्हणजे नुसता एक पॉइंटर, ८ बाइट. नवी ३२ बाइट, कारण १५ अक्षरांपर्यंतचा मजकूर ती पोटातच ठेवते. पण लायब्ररीचं नाव लिबएसटीडीसी++.एसओ.६ तेच राहिलं, दोन्ही स्ट्रिंगा एकाच फाइलमध्ये नांदतात, आणि कुठली घ्यायची ते एका मॅक्रोने ठरतं, ० म्हणजे जुनी, १ म्हणजे नवी.

त्यांनी शहाणपणा केला की नव्या स्ट्रिंगच्या सिम्बॉल नावात सीएक्सएक्स११ घातलं, म्हणजे फंक्शनच्या आर्ग्युमेंटमध्ये स्ट्रिंग असेल आणि दोन बाजू जुळत नसतील तर लिंकर लगेच "अनडिफाइन्ड रेफरन्स" म्हणून ओरडतो. लोक या एररला शिव्या घालतात, मला तर ती देवासारखी वाटते. कारण खरा घोळ तिथे होतो जिथे स्ट्रिंग एखाद्या स्ट्रक्टच्या आत मेंबर म्हणून आहे आणि फंक्शन फक्त त्या स्ट्रक्टचा पॉइंटर घेतं. मग सिम्बॉलच्या नावात स्ट्रिंगचा उल्लेखच येत नाही, लिंक सुखात होतं, आणि एक बाजू समजते की पुढचा मेंबर ८ बाइटनंतर आहे, दुसरी समजते ३२ नंतर. बऱ्याचदा क्रॅश डिस्ट्रक्टरमध्ये येतो, फ्री करताना, आणि माणूस डबल फ्री शोधत बसतो.

पायटॉर्चला (पायथनची मशीन लर्निंग लायब्ररी) एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांनी हे भोगलंय, त्यांची पिपवाली बिल्ड वर्षानुवर्षं जुन्या एबीआयने (बांधलेले तुकडे मेमरीत एकमेकांशी कसे जुळतात त्याच्या नियमांनी) यायची आणि उबंटूचा जीसीसी बाय डिफॉल्ट नव्याने बांधतो. त्यात एक फंक्शनच आहे, टॉर्च डॉट कंपाइल्ड_विथ_सीएक्सएक्स११_एबीआय, ट्रू की फॉल्स ते सांगतं, आधी ते विचारायचं मग बिल्ड करायचं. आता नवीन व्हर्जनला १ आहे.

घाटमाथा, तुमच्या सेंटओएस ७ वर कधी सी प्लस प्लस करायची वेळ आली तर लक्षात ठेव, तिथे डेव्हटूलसेटमधून (नवा कंपायलर देणाऱ्या पॅकेजमधून) कितीही नवा जीसीसी घेतलास तरी स्ट्रिंग जुनीच मिळते, मॅक्रो १ केला तरी ऐकत नाही. माझा एक पूर्ण आठवडा यात गेलाय, असो.

खिडकी_९८

विंडोजवाल्यांना पण बोलू द्या जरा. आमच्याकडे सगळ्यात जुना रोग म्हणजे एका डीएलएलने मेमरी घ्यायची आणि दुसऱ्या डीएलएलने सोडायची, एक एमटीने बांधलेली (रनटाइम पोटातच), एक एमडीने (रनटाइम वेगळ्या डीएलएलमध्ये), दोघांचा हीप वेगळा, फ्री केलं की धडाम. डीबग आणि रिलीज मिसळलं तर स्टॅटिक लायब्ररीच्या वेळी लिंकर एलएनके२०३८ एरर देतो, डीएलएलच्या वेळी काहीच देत नाही.

पण २०२४ मधला किस्सा जास्त भारी आहे. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून २०२२ पर्यंतचे टूलसेट एकमेकांत चालतात असं मायक्रोसॉफ्ट सांगतं आणि ते खरंही आहे, पण त्याला एक अट आहे जी कुणी वाचत नाही: मशीनवरचं रिडिस्ट्रिब्युटेबल (रनटाइम डीएलएलचा संच) हे तुम्ही वापरलेल्या सगळ्यात नव्या टूलसेटइतकं तरी नवं पाहिजे. २०२२ च्या १७.१० अपडेटमध्ये एसटीडी म्यूटेक्सचा (थ्रेडसाठीच्या कुलपाचा) कन्स्ट्रक्टर कॉन्स्टएक्सपीआर (कंपाइलच्या वेळीच चालू शकणारा) केला. आता नव्या कंपायलरने बांधलेला प्रोग्राम म्यूटेक्स आतून शून्यच ठेवतो, आणि जुनी एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल असेल तर ती त्या शून्यालाच पॉइंटर समजून लॉक करायला जाते. पहिल्या लॉकलाच क्रॅश. डेव्हलपरच्या मशीनवर सगळं नवं, तिथे काही होत नाही, आणि कस्टमरकडे ढिगाने क्रॅश रिपोर्ट. त्यात भर म्हणजे काही सॉफ्टवेअर स्वतःच्या फोल्डरमध्ये जुनी डीएलएल घेऊन फिरतात, म्हणजे सिस्टिमवर नवं रिडिस्ट टाकूनही त्या प्रोसेसमध्ये जुनीच लोड होते. मॅक्रो आहे जुनी पद्धत परत आणायला, डिसेबल_कॉन्स्टएक्सपीआर_म्यूटेक्स_कन्स्ट्रक्टर, पुढे एक अंडरस्कोर. पण खरं औषध रिडिस्ट अपडेट.

आमच्याकडे एलडीडी नाही, पण प्रोसेस एक्सप्लोररमध्ये खालच्या पॅनमध्ये डीएलएलचा पूर्ण पाथ दिसतो. तेच काम.

नागपूर_ते_डॅलस

मोठी चर्चा होऊन राहिली इथं, म्हणून मी पण बोलतो. घाटमाथा, तू पुढं कधी डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल चालवशील (पावसावर काम करणारे सगळे शेवटी तिथंच जातेत), तेव्हा नेटसीडीएफ आन एमपीआय (अनेक प्रोसेसना एकमेकांशी बोलवणारी लायब्ररी) दोन्ही त्याच कंपायलरनं बांध, त्याच व्हर्जननं. आन एमपीआयचं एक लक्षण ध्यानात ठेव: १६ प्रोसेसचा जॉब टाकला आन लॉगमध्ये १६ वेळा "मी रँक ०, एकूण १" असं दिसलं तर समज की कंपाइल एका एमपीआयनं केलं अन एमपीआयरन दुसऱ्याच एमपीआयचा लागला. क्रॅशही होत नाही बे, सोळा जण एकच काम करत बसतेत आन एकाच आउटपुट फाइलवर लिहितेत.

हेडर एकाचं आन लायब्ररी दुसऱ्याची असली तर मात्र सरळ पडते. एमपीआयसीएच या एमपीआयमध्ये कॉम वर्ल्ड (सगळ्या प्रोसेसचा गट) हा एक साधा इंटिजर आहे, ४४०००००० हेक्स. ओपनएमपीआय या दुसऱ्या एमपीआयमध्ये तो एका स्ट्रक्चरचा पॉइंटर आहे. ओपनएमपीआयच्या लायब्ररीनं तो ४४ वाला आकडा पत्ता म्हणून उघडायला घेतला की झालं. एमपीआयसीएच, इंटेल आन क्रे यांनी आपसात जुळवून घेतलं होतं, लिबएमपीआय.एसओ.१२ एकमेकांच्या जागी चालते, पण ओपनएमपीआय त्यात नव्हतं. २०२५ मध्ये एमपीआय ५.० आलं त्यात पहिल्यांदा स्टँडर्ड एबीआय दिला, पण तुमच्या सेंटओएस ७ वाल्या मशीनवर ते पोचेपर्यंत तुझी पीएचडी पण होऊन जाईन.

आणखी एक, एमकेएल (इंटेलची गणिताची लायब्ररी) वापरशील तर जीफोरट्रानसाठी त्याची जीएफवाली इंटरफेस लायब्ररी वेगळी राहते, इंटेलवाली नाही घ्यायची. कॉम्प्लेक्स आकडा परत देणारे फंक्शन असतेत ना, झेडडॉटसी सारखे, त्यांचं उत्तर इंटेलचा कंपायलर एका लपवलेल्या आर्ग्युमेंटमधून घेतो आन जीफोरट्रान रजिस्टरमधून. बाकी सारं बीएलएएस (मॅट्रिक्स-व्हेक्टरची रूटीन) चालते, फक्त तेवढ्यावर मरते, आन माणूस म्हणतो माझ्या मॅट्रिक्समध्येच काहीतरी आहे.

हिंजवडी_फेज_३

बरं बाबा, स्टॅक नव्हता. पण एक विचारतो, एवढं सगळं करण्यापेक्षा स्टॅटिक लिंक का नाही करत? एकच फाइल, कुठेही न्या.

जुनं_खोड

@हिंजवडी_फेज_३ नेटसीडीएफ-फोरट्रानपुरतं करता येईल, .ए (स्टॅटिक) फाइल द्यायची, आणि छोट्या प्रोग्रामला मी तेच सुचवेन. पण त्याच्या खाली नेटसीडीएफ-सी, त्याच्या खाली एचडीएफ५, झेडलिब, कधी कर्ल, या सगळ्यांचा क्रम लिंक ओळीत बरोबर लावावा लागतो आणि तिथे पोरं रडकुंडीला येतात. त्या सी लायब्ररी मात्र जुन्या कंपायलरच्या असल्या तरी चालतात हं, सीचा एबीआय या प्लॅटफॉर्मवर इतका स्थिर आहे की ४.८ ने बांधलेलं एचडीएफ५ जीसीसी ९ बरोबर आरामात नांदतं. भांडण फोरट्रानच्या मोड्यूलचं आणि सी प्लस प्लसचं असतं. म्हणून सगळं पाडून परत बांधायची गरज नाही, फक्त फोरट्रानचा थर.

घाटमाथा

झालं!! बॅशआरसीतली ओळ काढली, आरपाथ घातला, जॉबमध्ये एलडीडीला फक्त .एसओ.५ दिसतेय, लॅट(१) ६.५, आय१ ३७. एका वर्षाची फाइल लॅपटॉपच्या आउटपुटशी डिफ करून पाहिली, काहीच फरक नाही. जुनं_खोड काका, तुमचं ते ३२व्या बाइटवर ४ दिसतात वगैरे मी जीडीबीमध्ये जुन्या एक्झिक्युटेबलवर मेमरी डंप करून बघितलं, खरंच ४ होते तिथे.

दोन शंका राहिल्या. एक, लॅबमधला माझा मित्र म्हणतो त्यानेही आरपाथ घातला होता, त्याच्या उबंटू वर्कस्टेशनवर, तरी एलडी_लायब्ररी_पाथच जिंकतो. असं का? आणि दुसरी, तीच बॅशआरसी वापरून लॅबमधले दोघं जण जीसीसी ९ ने बांधलेले प्रोग्राम चालवतायत, त्यांचे क्रॅश होत नाहीत. मग त्यांचं बरोबर कसं?

जुनं_खोड

पहिलीचं उत्तर: आरपाथ आणि रनपाथ असे दोन प्रकार आहेत. उबंटूचा लिंकर तुला न विचारता रनपाथ लिहितो, आणि शोधण्याच्या क्रमात एलडी_लायब्ररी_पाथ रनपाथच्या आधी येतो पण आरपाथच्या नंतर. सेंटओएस ७ वर जुनी पद्धत आहे, तिथे खरा आरपाथ लिहिला जातो, म्हणून तुझं चाललं. मित्राला लिंकरला डिसेबल-न्यू-डीटॅग्ज द्यायला सांग, आणि रीडएल्फने डायनॅमिक सेक्शन बघून खात्री करायला सांग की आत रनपाथ आहे का आरपाथ.

दुसरीची मला काळजी वाटते. क्रॅश होत नाही म्हणजे बरोबर आहे असं कुणी सांगितलं? तुझा क्रॅश झाला कारण तू डीवायने भागलंस. ते अक्षांश फाइलमधून न वाचता कोडमध्येच लिहीत असतील, आणि पाऊस वाचताना –५७ आला तरी स्टेटस बघत नसतील, तर त्यांचा पावसाचा ॲरे रिकामा आहे आणि प्रोग्राम शेवटपर्यंत सुखात चालतो. नेटसीडीएफच्या एनएफ९० वाल्या कॉलऐवजी (तू तेच वापरतेस) जुने एनएफ_ वाले कॉल वापरत असतील तर मात्र ठीक आहे, त्यात डिस्क्रिप्टर जात नाही, नुसता पत्ता जातो. त्यांना आजच एलडीडी करून दाखव म्हणावं, आणि महाबळेश्वरच्या ग्रिड पॉइंटचा जुलैचा पाऊस प्रिंट करून बघा.

घाटमाथा

एकाचे एनएफ_ वाले आहेत, तो सुटला. दुसऱ्याचा जुलै महाबळेश्वरला ०.० आहे. त्याचं पोस्टर गेल्या महिन्यात छापून झालंय. गाइडना कोण सांगणार यावर लॅबमध्ये चर्चा चालू आहे.

कर्नल_कोल्हापूर

महाबळेश्वरला जुलैमदी शून्य, आणि पोस्टर बघणाऱ्या कुणाच्याच ध्यानात आलं न्हाई व्हय?

घाटमाथा

@कर्नल_कोल्हापूर पोस्टरवर वार्षिक सरासरीपासूनचा फरक दाखवलाय, टक्क्यांत. सगळीकडे सारखाच रंग आला म्हणून त्याने लेजंडची स्केल बदलली होती.

असो, सामायिक फोल्डरमध्ये मी जीसीसी ९ साठी वेगळं सबफोल्डर करतेय, नावातच कंपायलर आणि व्हर्जन. जुन्या बॅशआरसीचं काय करायचं ते ॲडमिनला मेल टाकलाय.